अंगावर किती लोखंड?

एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मिलिमीटर जाड पोलादी पत्रा ७.८५ किलो भरतो. भिलाईत हा आकडा प्लेट मिलमध्ये चालतो आणि पॉवर हाऊसकडच्या फॅब्रिकेशनच्या दुकानातही चालतो. लांबी, रुंदी आणि जाडी यांचा गुणाकार करायचा, त्याला ७.८५ ने गुणायचे, की वजन हाती येते. वजन हाती आले की भाव काढायला वेळ लागत नाही, कारण पोलाद किलोवर विकले जाते. या गावात वाढलेल्या मुलाला हे मुद्दाम शिकवावे लागत नाही.

हेच गणित चिलखताला लावून पाहू. माणसाची छाती, पोट आणि पाठ झाकायला साधारण अर्धा चौरस मीटर पत्रा धरा. दीड मिलिमीटर जाडीला तो सहा किलोच्या आसपास जातो, दोन मिलिमीटरला आठ किलोच्या जवळ. जाडीत फरक पडला अर्ध्या मिलिमीटरचा, पण जास्तीचे दोन किलो लोखंड सकाळपासून संध्याकाळपर्यंत अंगावर वागवायचे आहे. त्यातच धावायचे, वाकायचे, तलवारीचा हात वर उचलायचा. घोड्यावर असाल तर ते घोड्यानेही वागवायचे. ते दोन किलो घ्यावेत की सोडावेत, हा या पुस्तिकेचा विषय आहे.

मध्ययुगीन लढाईचे गेम आता आपल्याकडची मुले सर्रास खेळतात. सेक्टरमधल्या क्वार्टरात, अभ्यासाच्या टेबलावर, परीक्षा संपल्यावर आणि कधी कधी परीक्षेच्या आदल्या रात्रीही. खेळणारा नवा असला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: सगळ्यात भारी आर्मर कोणते? हा प्रश्न मुळातच अपुरा आहे. कोणाशी लढायचे, पायी की घोड्यावर, मोकळ्या रानात की किल्ल्याच्या दारात, हातात ढाल आहे की दोन्ही हातांनी धरायचे शस्त्र, आणि खिशात किती पैसे, हे कळल्याशिवाय त्याला उत्तर देता येत नाही. गेममध्ये वस्तूवर बोट ठेवले की संरक्षण, वजन आणि किंमत असे तीन आकडे दिसतात. बहुतेक जण पहिला पाहतात आणि थांबतात. मला या पुस्तिकेतून उरलेल्या दोन आकड्यांची बाजू मांडायची आहे.

ती मांडताना युरोपातल्या सरदारांची चित्रे डोळ्यांपुढे ठेवून चालणार नाही. ज्यांनी खिसा आणि घोडा पाहून चिलखत निवडले, अशी माणसे आपल्या मातीत होऊन गेली आहेत, आणि ती छत्तीसगडपर्यंत आली होती. त्यांच्याकडे येण्याआधी गेमच्या रचनेवर थोडे बोलणे भाग आहे.

हे गेम सगळे एकसारखे नाहीत. अंकारा शहरातल्या टेलवर्ल्ड्सचा 'माउंट अँड ब्लेड' २००८ मध्ये आला आणि त्याची 'वॉरबँड' ही आवृत्ती २०१० मध्ये. त्यात डोके, धड, पाय आणि हात यांसाठी वेगवेगळ्या वस्तू घ्याव्या लागतात, प्रत्येकीला वजन आहे आणि वजन वाढले की तुमची चाल मंदावते. शिवाय चिलखत घ्यायचे ते ज्या थैलीतून सैनिकांचा पगार जातो त्याच थैलीतून. महागडे पत्र्याचे कवच घेऊन पुढच्या आठवड्यात पगार थकवणारा नायक मी पुष्कळ पाहिला आहे. याच गेममध्ये गंजलेली, पोचे पडलेली, फाटकी अशी नावे लावलेली चिलखते स्वस्तात मिळतात, आणि मजबूत केलेली चिलखते कितीतरी महाग. गंजलेल्या कडीच्या चिलखताचे संरक्षण थोडेच कमी असते, किंमत मात्र खूप खाली आलेली असते. काटकसर करणाऱ्याने पहिली नजर तिथे टाकावी.

प्राग शहरातल्या वॉरहॉर्स स्टुडिओजचा 'किंगडम कम: डिलिव्हरन्स' २०१८ चा. त्याची कथा १४०३ सालच्या बोहेमियात घडते. थरांचा विचार सगळ्यात प्रामाणिकपणे केला आहे तो या गेमने. आधी कापसाचा किंवा तागाचा भरलेला अंगरखा, त्यावर कड्यांचे चिलखत, त्यावर पत्रा. डोक्यालाही तसेच थर. प्रत्येक थर वार, भोसकणे आणि ठोसा यांना वेगवेगळे उत्तर देतो. जड पत्रा खळखळ वाजतो आणि लांबून दिसतो, त्यामुळे रात्री लपून जायचे असेल तर तो अंगावरून उतरवावा लागतो. दुरुस्तीलाही पैसे पडतात. विकत घेतानाची किंमत ही खर्चाची फक्त सुरुवात आहे, हे शिकवणारा याच्याइतका चांगला गेम मला माहीत नाही.

'मॉरधाऊ' (२०१९) मध्ये पैशाऐवजी गुण आहेत. शस्त्र, चिलखत आणि विशेष कौशल्ये या सगळ्यांसाठी मिळून १६. चिलखतावर जितके खर्चाल तितके शस्त्रातून कमी होतात. म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत जड चिलखत घातलेला माणूस मनाजोगते शस्त्र घेऊन येऊच शकत नाही. २०१२ च्या 'शिव्हलरी'मध्ये हीच गोष्ट चार ठरावीक योद्ध्यांत वाटून दिलेली आहे: नाइट जड आणि सावकाश, तर मॅन-अॅट-आर्म्स हलका, झपकन बाजूला उडी मारणारा. हलक्या योद्ध्याला एक-दोन वारांत मरायचे असते, म्हणून त्याने वार चुकवायला शिकायचे असते.

गेम बनवणाऱ्यांनी ही ओढाताण मनाने रचलेली नाही. इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याने ११८१ मध्ये शस्त्रास्त्रांविषयी एक फर्मान काढले. ज्या स्वतंत्र माणसाची मालमत्ता वा उत्पन्न १६ मार्क असेल त्याने कड्यांचे चिलखत, शिरस्त्राण, ढाल आणि भाला बाळगावा. ज्याची १० मार्क, त्याने आखूड चिलखत, लोखंडी टोपी आणि भाला. आणि बाकी सगळे नगरवासी व स्वतंत्र लोक यांनी भरलेला अंगरखा, लोखंडी टोपी आणि भाला. ही उतरती यादी मन लावून वाचण्यासारखी आहे. श्रीमंतापासून गरिबापर्यंत खाली येताना ढाल गेली, लोखंडाच्या कड्या आधी आखूड झाल्या आणि मग गेल्या, त्यांच्या जागी कापड आले. डोक्यावरचे लोखंड मात्र शेवटपर्यंत राहिले. पैसा कमी पडू लागला की काय आधी सोडायचे आणि काय सोडायचे नाही, याचा क्रम आठशे वर्षांपूर्वी एका राजाने लिहून ठेवला आहे. मी आजही नवख्या खेळाडूला हाच क्रम सांगतो.

कापडाला कमी लेखू नये. फ्रान्सचा राजा अकरावा लुई (१४६१ ते १४८३) याच्या सैनिकांसाठी ठरवून दिलेल्या जाड अंगरख्यात कापडाचे २५ ते ३० पदर आणि वर हरणाचे कातडे असे. इतके पदर एकावर एक शिवले की तलवारीची धार आत शिरायला धडपडते आणि बाणाचा जोर कमी होतो. मेक्सिकोत अॅझ्टेक योद्धे कापूस भरून शिवलेला अंगरखा घालत. १५१९ नंतर तिथे उतरलेल्या स्पॅनिश शिपायांकडे लोखंड होते, तरी त्यांच्यातल्या पुष्कळांनी तिथल्या उन्हात ते बाजूला ठेवून तोच अंगरखा अंगात घातला. आपल्याकडेही कापूस भरून, टाके घालून शिवलेली बंडी आणि अंगरखा हे सामान्य शिपायाचे संरक्षण होते. मे महिन्यात भिलाईच्या रस्त्यावर दुपारी बाहेर पडणाऱ्या माणसाला यामागचे कारण समजावून सांगायची गरज नाही. तापलेल्या पत्र्याखाली माणूस शत्रूच्या आधी उन्हाने पडतो.

वजनाची किंमत मोजण्याचा एक चांगला प्रयोग २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. लीड्स विद्यापीठातल्या ग्रॅहम अॅस्क्यू यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या लढाया पुन्हा उभ्या करण्याचा सराव असलेल्या माणसांना पंधराव्या शतकातल्या नमुन्याचे संपूर्ण पत्र्याचे चिलखत घालून ट्रेडमिलवर चालवले आणि पळवले. चिलखतांची वजने ३० ते ५० किलो. चालायला लागणारी ऊर्जा दुपटीहून जास्त झाली, पळायला जवळजवळ दुप्पट. तेवढेच वजन पाठीवरच्या पिशवीत घेतले असते तर भार इतका पडला नसता. अंगावर ते हातापायांत वाटले जाते, आणि पायावरचे लोखंड प्रत्येक पावलाला उचलून पुढे फेकावे लागते. शिवाय छाती आवळली गेल्याने श्वास खोल घेता येत नाही आणि माणूस भराभर उथळ श्वास घेतो. २५ ऑक्टोबर १४१५ रोजी अॅजिनकोर्टच्या नांगरलेल्या, पावसाने चिखल झालेल्या शेतातून चालत गेलेले फ्रेंच सरदार इंग्रजांच्या रांगेपर्यंत पोचले ते दमून, हे इतिहासात होतेच. ते का दमले, ते या प्रयोगाने आकड्यांत दाखवले.

यावरून एक सरळ निष्कर्ष निघतो आणि तो बहुतेक गेममध्येही खरा ठरतो. वजन कमी करायचे असेल तर सुरुवात पायांपासून करावी. पायावर वार कमी बसतात, बसले तरी बहुधा लगेच प्राण घेत नाहीत, आणि तिथले प्रत्येक किलो सगळ्यात महाग पडते. अपवाद एकच. घोडेस्वाराचा पाय पायदळाच्या भाल्याच्या नेमक्या उंचीवर येतो, त्यामुळे गर्दीत घोडा घालणाऱ्याने मांडी उघडी ठेवू नये.

आता आपल्या माणसांकडे येऊ. मराठ्यांच्या घोडदळात बारगीर आणि शिलेदार असे दोन प्रकार होते. बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःचे हत्यार घेऊन चाकरीला येई. शिलेदाराच्या दृष्टीने विचार करून पाहा. घोडा हे त्याचे भांडवल. घोडा मेला तर तो शिलेदार राहत नाही. हातातले पैसे कड्यांच्या जड चिलखतावर घालावेत की चांगल्या घोड्यावर, हा प्रश्न त्याच्यापुढे खरोखर उभा होता आणि त्याने घोडा निवडला. भीमथडीचे तट्टू अंगाने लहान, काटक, थोड्या चाऱ्यावर लांबचा पल्ला मारणारे. त्याच्या पाठीवर लोखंडात मढवलेला माणूस बसवला तर त्याचे सगळे गुण वाया जातात. म्हणून डोक्यावर पागोटे, अंगात भरलेला अंगरखा, पाठीला ढाल, हातात भाला किंवा तलवार. कडीचे चिलखत परवडे ते सरदारांना आणि मानकऱ्यांना.

शिवछत्रपतींच्या घोडदळाची रचना बखरकार सभासदाने लिहून ठेवली आहे. २५ बारगिरांवर एक हवालदार, आणि त्या २५ घोड्यांमागे एक पखालजी, एक नालबंद. मला ही ओळ फार मोलाची वाटते. पाण्याची पखाल आणि घोड्याची नाल: सैन्याने खर्च कुठे करायचे ठरवले होते ते यात दिसते. जोर धावण्यावर होता, आणि धावत राहण्यासाठी जे लागते त्याची तरतूद प्रत्येक तुकडीगणिक केलेली होती.

या पद्धतीचा कस १६९५ मध्ये दोड्डेरीच्या लढाईत लागला. औरंगजेबाचा सरदार कासिमखान मोठ्या सरंजामानिशी निघाला होता, आणि मोगली रिवाजाप्रमाणे त्याचे तंबू आणि सामान पुढच्या मुक्कामाकडे आधीच रवाना झाले होते. संताजी घोरपड्यांनी आपल्या फौजेचे भाग केले आणि एकाने ते पुढे गेलेले सामान लुटले. ते वाचवायला मोगल धावले तेव्हा दुसरा भाग त्यांच्याशी भिडला, आणि मागे उरलेल्या छावणीवर तिसरा पडला. शेवटी कासिमखान दोड्डेरीच्या गढीत कोंडला गेला आणि तिथेच संपला. संताजींच्या माणसांच्या अंगावर मोगल स्वारापेक्षा जास्त लोखंड असते तर हा डाव साधला नसता. कुठे लढायचे आणि कधी निघून जायचे, हे ठरवण्याची मोकळीक हलक्या स्वाराला असते. गेममध्ये हलके चिलखत घेणाऱ्याने ही मोकळीक वापरली नाही आणि तो जड नाइटसमोर ठाण मांडून उभा राहिला, तर त्याने वाचवलेले पैसे वाया गेले.

याच घोडदळाने छत्तीसगड पाहिले. नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर, ज्यांना इकडे भास्करपंत म्हणतात, १७४१ मध्ये रतनपूरवर आले आणि हैहयवंशी राजा रघुनाथसिंह याने हार पत्करली. पुढे १७५८ पासून १७८७ मध्ये मृत्यू येईपर्यंत बिंबाजी भोसले रतनपुरातून या प्रदेशाचा कारभार पाहत होते. रामटेकडीवरचे राममंदिर त्यांचेच. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले तेव्हा छत्तीसगडही इंग्रजांकडे गेले. भिलाईत कारखान्याच्या निमित्ताने आलेली विदर्भातली मराठी कुटुंबे नवी आहेत, पण नागपूर आणि दुर्ग यांच्यातली वाट जुनी आहे.

भास्करपंतांच्या फौजा पुढे बंगालवर गेल्या, आणि तिथला इतिहास हलक्या घोडदळाचे गुणगान करणाऱ्याला थांबवून ठेवतो. १७४२ मध्ये बर्दवानजवळ त्यांनी नवाब अलीवर्दीखानाची रसद तोडून त्याला जेरीस आणले, हे खरे. पण जी फौज सामान बरोबर घेत नाही ती वाटेतल्या गावावर जगते. गंगाराम नावाच्या बंगाली कवीचे 'महाराष्ट्र पुराण' १७५१ चे आहे, आणि त्यात बारगिरांच्या हातून गावांचे जे हाल झाले त्यांचे वर्णन आहे. मराठी वाचकाने ते टाळू नये. स्वाराच्या अंगावरून आणि घोड्याच्या पाठीवरून उतरलेला भार शेतकऱ्याच्या कोठारावर जाऊन पडला होता. 'वॉरबँड'मध्येही गावे लुटून सैन्य पोसता येते. हा मार्ग पुस्तिकेत सुचवलेला नाही, कारण दुसऱ्याच्या कोठारातून भागवलेला खर्च मी स्वस्त धरत नाही.

हलके म्हणजे उघडे नव्हे, हे सांगायला प्रतापगडाच्या पायथ्याचा प्रसंग पुरेसा आहे. १० नोव्हेंबर १६५९ रोजी अफझलखानाच्या भेटीला जाताना शिवरायांनी अंगरख्याखाली कडीचे चिलखत घातले आणि डोक्यावरच्या वस्त्राखाली लोखंडी टोप ठेवला. भेट एका माणसाशी, शामियान्यात, हाताच्या अंतरावर. धोका कट्यारीचा, आणि तो कुशीत किंवा डोक्यावर. चिलखत दिसता कामा नये, कारण ते दिसले की संशय आला; मिठीत आणि झटापटीत अंग मोकळे हवे. या सगळ्या अटींत बसणारी जोडी म्हणजे धडाला कडी आणि डोक्याला टोप. पायाला काही नाही. कड्यांचे चिलखत अंगाबरोबर वळते आणि कपड्याखाली लपते, पत्रा लपत नाही. खानाची कट्यार चिलखतावरून घसरली, आणि त्याचा वकील कृष्णाजी भास्कर याचा वार डोक्यावर आला तेव्हा टोपाने काम केले. चिलखताच्या निवडीचा याहून नेमका धडा मला कुठल्याही पुस्तकात सापडलेला नाही. त्या दिवशी जे लागणार होते तेवढे घेतले, आणि जिथे लागणार होते तिथेच घेतले.

जोडणीची आणखी एक खूण अलीकडेच आपल्याकडे परत आली. रघूजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावातून महाराष्ट्र शासनाने ४७.१५ लाख रुपयांना घेतली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ती मुंबईत आली. तिचे पाते युरोपातले आहे आणि मूठ इथल्या कारागिराची, सोन्याच्या कामाची. चांगले पाते बाहेरून मिळत होते म्हणून बाहेरून घेतले. मूठ आपल्या हाताला बसायला हवी म्हणून ती इथे घडवली. गेममध्ये एकाच संचातल्या सगळ्या वस्तू अंगावर चढवण्याचा मोह होतो, कारण ते दिसायला एकसारखे वाटते. पण बहुतेक वेळा तीन वेगवेगळ्या ठिकाणच्या वस्तूंची जोडणी स्वस्त आणि हलकी पडते.

राहिला धातूचा प्रश्न, आणि तो भिलाईला लिहिताना टाळता येत नाही. अॅलन विल्यम्स यांनी युरोपातल्या जुन्या चिलखतांचे धातू सूक्ष्मदर्शकाखाली तपासून २००३ मध्ये एक जाडजूड ग्रंथ लिहिला, त्याचे नावच 'द नाइट अँड द ब्लास्ट फर्नेस'. चिलखत किती जाड आहे यापेक्षा ते कशाचे आहे हे त्यात तपासलेले आहे. कार्बनचे प्रमाण किती, मळीचे कण किती राहिले, तापवून विझवताना पोलाद कठीण झाले की नाही. चांगले विझवलेले पोलाद कमी जाडीत तेच संरक्षण देते आणि वजन वाचवते, पण कारागिरी महाग पडते. गरिबाला मऊ लोखंडाचे जाड चिलखत, धनिकाला कठीण पोलादाचे पातळ. पुढे भट्ट्या मोठ्या झाल्या, पाण्यावर चालणारे हातोडे आले आणि पत्रा स्वस्त झाला. हजारो कड्या एकेक करून जोडण्याची मजुरी मात्र कमी होईना. म्हणून युरोपात एक काळ असा आला की साध्या शिपायाला पत्र्याचे छातीकवच कड्यांच्या सदऱ्यापेक्षा स्वस्त पडू लागले. आपल्या मनात कडी म्हणजे स्वस्त आणि पत्रा म्हणजे महाग असे पक्के बसलेले असते. काही गेमनी तसेच भाव लावलेही आहेत. प्रत्येक वेळी दुकानातला भाव पाहूनच ठरवावे.

भिलाईत पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली. सोव्हिएत संघाशी करार झाला होता १९५५ मध्ये. खनिज दल्लीराजहराहून येते. त्याआधीही या मुलखात लोखंड होत होते. अगरिया लोक मातीच्या लहान भट्टीत, भाता पायाने चालवून ते काढत, आणि व्हेरिअर एल्विन यांनी १९४२ मध्ये त्यांच्यावर पूर्ण पुस्तक लिहिले. आज याच गावातले पोलाद देशाच्या संरक्षणासाठी जाते. २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलात दाखल झालेल्या 'विक्रांत'साठी लागलेल्या खास युद्धनौकेच्या पोलादाचे पत्रे 'सेल'ने पुरवले, आणि ते करणाऱ्या कारखान्यांत भिलाई होती. पातळ असून चिवट, आणि वेल्डिंगला सोपे पोलाद हवे, ते इथेच तयार करायचे: विषय मोठ्या जहाजाचा असला तरी प्रश्न शिलेदाराचाच होता.

आणि कारखान्यात रोज काम करणाऱ्यांना अंगावर काय घालायचे याचे ज्ञान कुणाहून कमी नसते. वितळलेले लोखंड बाहेर येते तिथे उभा राहणारा माणूस चकाकणारा उष्णतारोधक कोट आणि चेहऱ्यापुढे जाळीची किंवा काचेची झडप घेतो. तोच कोट घालून क्रेनच्या शिडीवर चढणाऱ्याला काम करता येणार नाही. हेल्मेट आणि सेफ्टी शू मात्र दोघांनाही असतात. सगळ्यांना लागणारे काय आणि जागेनुसार बदलणारे काय, ही विभागणी ज्याच्या घरात जेवताना बोलली जाते त्या मुलाला गेममधली चिलखते निवडायला जड जाऊ नये.

पुढच्या प्रकरणांत एकेक गेम घेऊन, सुरुवातीच्या थोड्या पैशांत जुळणाऱ्या जोडण्या दिल्या आहेत. बाण फार असलेल्या लढाईला वेगळी, किल्ल्याच्या भिंतीवर चढण्याला वेगळी, घोड्यावरून भाला चालवण्याला वेगळी. भिंतीवर चढणाऱ्याने हलकेपणाचा आग्रह सोडावा असे मी तिथे लिहिले आहे, आणि ते पुस्तिकेच्या विषयाशी विसंगत नाही. शिडीच्या टोकाशी माणूस वार चुकवू शकत नाही, तिथे पळायला जागा नसते, म्हणून तिथे लोखंडच कामाला येते. ज्याला जागा बदलता येते त्याने हलके राहावे. ज्याला येत नाही त्याने वजन सोसावे. नव्या आवृत्त्यांनी भाव आणि आकडे बदलतात, म्हणून पुस्तिकेतल्या आकड्यांपेक्षा त्यांमागची कारणे ध्यानात ठेवावीत.

मराठी खेळाडूंना माझी एक विनंती आहे. नागपूरला गेलात तर मध्यवर्ती संग्रहालयात, ज्याला सगळे अजब बंगला म्हणतात तिथे, शस्त्रांचे दालन पाहा. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहा, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात अकबराचे कवच आणि ढाल आहे. तिथे नक्षीवर फार वेळ घालवू नका. कड्या किती बारीक आहेत, काखेत आणि गळ्याशी काय केले आहे, पत्रा कुठे जाड आणि कुठे पातळ ठेवला आहे, हे बघा. मग घरी येऊन गेम उघडा आणि पहिल्या लढाईसाठी पैसे वाटताना आधी डोके झाका, मग भरलेला अंगरखा घ्या, मग धडाला परवडेल तेवढी कडी. पायाचे चिलखत पहिली लूट हाती आल्यावर घ्या.